ताई, त्या एका मराठी ओळीसाठी

ताई,

नाव लिहू नकोस असं बजावलंत, म्हणून नुसतं ताई.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना. गड्ड्याच्या जत्रेआत माल जायचा होता आणि खोक्यांवरची बारकोड लेबलं निघत नव्हती. पॅकिंगचा कॉम्प्युटर विंडोजचा, सर्व्हर उबुंटूचा म्हणजे लिनक्सचा, पायथनमधला प्रोग्रॅम दोन्हीकडे तोच. त्याला लागणारं पायविन32 हे पॅकेज विंडोजवरच चालतं. सर्व्हरवर ते सापडेना, आणि ते एक मिळत नाही म्हणून पिप, म्हणजे पायथनची पॅकेजं बसवणारं साधन, यादीतलं बाकीचंही काही बसवेना.

तुमच्या आधी येऊन गेलेल्यांचं काय सांगू! एक म्हणाला, "लिनक्स उडव की बे, विंडोज टाक." सल्ल्याचे पैसे घेतले ते वेगळेच. दुसऱ्यानं यादीतल्या त्या पॅकेजच्या ओळीला 'फक्त विंडोजवर बसव' अशा अर्थाची अट जोडली, पण मशीन 64 बिटचं बघून तिच्यात 'विन64' लिहिलं. सगळीकडे इन्स्टॉल बिनतक्रार झालं, लेबल मात्र निघेना. फोन केला तर म्हणे, प्रिंटर बघा.

तुम्ही प्रिंटरला हातही लावला नाहीत. स्क्रीनवरून वर पळून गेलेला मजकूर मागे नेऊन शांतपणे वाचलात. त्यात पिपनं 'इग्नोरिंग' म्हणून एक ओळ टाकली होती, आमच्यापैकी कुणी न पाहिलेली. मशीन 64 बिटचं असलं तरी पायथन विंडोजला 'विन32'च म्हणतं. त्यामुळे ती अट कधी खरी होणारच नव्हती, आणि खोटी ठरलेली अट आरडाओरडा करत नाही, ओळ सोडून पुढं जाते.

दुरुस्ती दोन मिनिटांची. मला भिडलं ते त्यानंतरचं. उठता उठता तुम्ही परत बसलात, आणि प्रोग्रॅममध्ये प्रिंटरचं मॉड्यूल अटीनं घेतलंय तिथं वर लिहिलंत: 'फक्त विंडोजसाठी. लेबलचा प्रिंटर पॅकिंगच्या मशीनला आहे, सर्व्हरला नाही.' चक्क मराठीत! अट काय आहे हे कोड वाचून कळतं, ती का घातली ते सहसा कुणी लिहून ठेवत नाही. आमच्या रात्रपाळीच्या पोरानं ती ओळ वाचली आणि मला न विचारता पुढचं समजून घेतलं. आपल्यामागे हे कोण सांभाळणार, याचा विचार तुम्ही केलात. पत्ता विचारला तर गल्ला सोडून चौकापर्यंत येणारे दुकानदार नव्या पेठेत अजून भेटतात, तसलीच ही जात. पैसे घेऊन फोन न उचलणाऱ्यांनी जरा शिकावं.

आता शेठच्या मुलीनं मॅक आणलाय. पायथन त्याला 'डार्विन' म्हणतं, हे माझं मीच शोधलं. तुमच्या अटीखाली तिची अट घातली आहे, वर मराठीत कारणासकट. सवडीनं नजर टाका.

फी तर घेतलीच नाहीत. आईनं दिलेला शेंगाचटणीचा डबा तरी रिकामाच पाठवा. भरून पाठवलात तर ती परत भरून पाठवेल, आणि हे थांबायचं नाही.