मसल कारला कार्बोरेटर इंजिनाच्या मापाचाच बसवावा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

केंद्र सरकारने २०२१ साली जुन्या वाहनांच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम केले आणि पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे होऊन गेलेल्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची क्रमांकपट्टी मिळण्याची सोय झाली. साठच्या दशकातल्या अमेरिकन मसल कार, म्हणजे मोठ्या इंजिनाच्या दणकट वेगवान गाड्या, आता झाडून साऱ्या या मर्यादेत येतात. नागपुरातल्या ज्या मोजक्या हौशी मंडळींनी अशा गाड्या जिवापाड जपल्या आहेत, त्यांनी रंगावर आणि क्रोमवर घेतलेली मेहनत पाहून मनापासून आनंद होतो. मात्र बॉनेट उघडल्यावर दिसणारा, हवेत पेट्रोल मिसळून देणारा कार्बोरेटर अनेकदा इंजिनाची गरज न पाहता केवळ आकार पाहून निवडलेला असतो, आणि त्यापायी उत्तम इंजिनाचे हाल होतात. म्हणून हा पत्रप्रपंच.

मोठा कार्बोरेटर म्हणजे जास्त ताकद, हा समज फार खोलवर रुजला आहे. कार्बोरेटर इंजिनात पेट्रोल ढकलत नाही. त्याच्या अरुंद गळ्यातून, म्हणजे व्हेंचुरीतून, हवा वेगाने जाताना तेथील दाब उतरतो आणि त्या ओढीने फ्लोटच्या, म्हणजे पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगाच्या, वाटीतले पेट्रोल जेट नावाच्या बारीक भोकातून वर येते. गळा गरजेपेक्षा रुंद असला तर इंजिन कमी फेऱ्यांवर फिरताना हवेचा वेग मंदावतो, ओढ क्षीण होते, पेट्रोलचे तुषार होण्याऐवजी थेंब पडू लागतात, आणि व्हरायटी चौकातला सिग्नल सुटल्यावर अॅक्सिलरेटर दाबताच गाडी गचका खाते किंवा बंदच पडते. मोठ्या कार्बोरेटरचा फायदा वरच्या फेऱ्यांवर मिळतो, आणि शहरात गाडी तिथवर क्वचितच जाते.

गरज किती, हे शालेय गणिताने काढता येते. इंजिनाचे घन इंच आणि मिनिटाचे कमाल फेरे यांच्या गुणाकाराला ३४५६ ने भागावे. एका घनफुटात १७२८ घन इंच असतात आणि चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच पूर्ण हवा घेते, म्हणून हा भाजक. शेव्हरलेच्या ३५० घन इंची व्ही-८ इंजिनाला ५५०० फेऱ्यांवर या हिशेबाने मिनिटाला ५५७ घनफूट हवा लागेल, तीही सिलिंडर पूर्ण भरतात असे धरल्यास. रस्त्यावर चालणाऱ्या साध्या इंजिनाचे सिलिंडर ८५ टक्क्यांच्या आसपास भरतात असे मानले, तर आकडा ४७३ वर येतो. अशा इंजिनाला ६०० सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला ६०० घनफूट हवा जाऊ देणारा, कार्बोरेटर ऐसपैस पुरतो, तरीही त्याच्यावर ८५० चा बसवण्याचा सल्ला बिनदिक्कत दिला जातो. खरेदी करताना आणखी एक खाचखळगा लक्षात ठेवावा. चार बॅरलच्या, म्हणजे हवेचे चार मार्ग असलेल्या, कार्बोरेटरचा सीएफएम पाऱ्याच्या दीड इंच दाबफरकावर मोजतात, तर दोन बॅरलचा तीन इंचांवर. त्यामुळे दोन बॅरलचा ५०० सीएफएम हा चार बॅरलच्या मापाने जेमतेम ३५४ भरतो, आणि दोघांचे आकडे थेट ताडून पाहणे चुकीचे ठरते.

चार बॅरलमध्येही मागच्या दोन बॅरल कशा उघडतात, हे पाहावे लागते. वजनदार गाडी आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल, तर इंजिनाच्या मागणीप्रमाणे आपोआप उघडणाऱ्या व्हॅक्यूम सेकंडरी (सेकंडरी म्हणजे या मागच्या बॅरल) घ्याव्यात. हलकी गाडी, हाताचे गिअर आणि चढ्या गुणोत्तराचे डिफरन्शियल असेल, तरच लिव्हरने उघडणाऱ्या मेकॅनिकल सेकंडरींचा विचार करावा. माझे स्पष्ट मत असे आहे की, ज्यांच्या जनरल मोटर्सच्या गाडीवर मूळचा रॉचेस्टर क्वाड्राजेट हा चार बॅरलचा कार्बोरेटर शाबूत आहे, त्यांनी तो काढूच नये. त्याच्या पुढच्या दोन बॅरल लहान आहेत, मागच्या दोन प्रचंड आहेत आणि मागच्यांच्या तोंडावरची हवेची झडप इंजिनाला पेलेल तेवढीच उघडते. म्हणूनच जनरल मोटर्सच्याच पॉन्टियाकला हा एकाच घराण्यातला कार्बोरेटर १९६६ च्या २३० घन इंची सहा सिलिंडर इंजिनापासून पुढे ४५५ घन इंची व्ही-८ पर्यंत वापरता आला. त्याच कंपनीच्या जीटीओ या गाडीवर १९६६ पर्यंत तीन कार्बोरेटरांचा संच मिळत असे आणि त्याची ताकद ३६० अश्वशक्ती सांगितली जाई. १९६७ मध्ये तो संच बंद झाला, ३८९ चे इंजिन ४०० घन इंचांचे झाले, आणि एकट्या क्वाड्राजेटवरही त्याच्या वरच्या आवृत्तीची ३६० अश्वशक्ती कायम राहिली.

निवडीनंतर ट्यूनिंग. इग्निशनचे पॉइंट, ठिणगीचे टायमिंग आणि मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून आत शिरणारी हवा तपासल्याशिवाय कार्बोरेटरच्या स्क्रूला हात लावू नये, कारण कार्बोरेटरच्या माथी मारले जाणारे बरेच दोष खरे तर इग्निशनचे असतात. मग फ्लोटची पातळी पाहावी. बहुतेक जुन्या होली कंपनीच्या कार्बोरेटरांच्या वाटीला बाजूने एक लहान पितळी स्क्रू असतो. गाडी सपाट जागेवर ठेवून, इंजिन मंद चालू असताना तो काढला की, पेट्रोल भोकाच्या खालच्या कडेशी येऊन हलके पाझरले पाहिजे. धार लागली तर पातळी जास्त, भोक कोरडे राहिले तर कमी. हे काम इंजिन फार तापण्याआधी, खाली फडके धरून आणि आगीपासून दूर करावे. त्यानंतर मॅनिफोल्डला तिथली ओढ मोजणारा व्हॅक्यूम गेज जोडून मिक्श्चरचे (मंद चालीच्या मिश्रणाचे) स्क्रू दीड फेऱ्यापासून सुरू करून आळीपाळीने थोडे थोडे फिरवावेत, आणि काटा जिथे सर्वांत वर व स्थिर राहील तिथे थांबावे. आयडलिंगवरच्या त्या आकड्याच्या निम्म्याच्या जवळचा पॉवर व्हॉल्व्ह, म्हणजे जोर लागताना जादा पेट्रोल सोडणारी झडप, बसवावा, म्हणजे गेज १३ इंच दाखवत असेल तर साडेसहाचा. मुख्य जेटचा निर्णय मात्र वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत एका लयीत गाडी चालवून, इंजिन लगेच बंद करून आणि प्लग काढून करावा. पोर्सेलिन मुळाशी काजळले असेल तर पेट्रोल जास्त होते आहे, आणि पांढरे फटफटीत असेल तर कमी. दुसरी अवस्था पिस्टनच्या जिवावर उठते.

येथे नागपूरचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या दुपारी आपल्याकडची हवा डिसेंबरच्या १० अंशांच्या पहाटेपेक्षा सुमारे ११ टक्के विरळ असते, आणि जेट तेच ठेवले तर मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण साधारण त्याच्या निम्म्याने, म्हणजे पाच-सहा टक्क्यांनी वाढते. त्यातच आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला सुमारे १३.५. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर हे सावरून घेतो, पण कार्बोरेटरला ते कळत नाही, आणि जुन्या जेटवर मिश्रण सात-आठ टक्क्यांनी विरळ होते, म्हणजे पेट्रोल कमी पडते. उन्हाळ्यात हे दोन्ही परिणाम काही अंशी एकमेकांना झाकतात. तीच गाडी डिसेंबरात अडखळू लागली की, कार्बोरेटर बिघडला असे समजून तो खोलला जातो, जेव्हा एक-दोन क्रमांक मोठा जेट टाकून काम भागण्याजोगे असते. म्हणून जेट हिवाळ्यात ठरवावेत आणि उन्हाळ्यात पुन्हा तपासावेत, असा माझा आग्रह आहे.

उष्णतेचा दुसरा त्रास इंजिन बंद केल्यानंतरचा. तापलेल्या मॅनिफोल्डमुळे वाटीतले पेट्रोल उकळते, गळ्यातून खाली सांडते आणि दहा मिनिटांनी गाडी सुरू करताना इंजिन गुदमरते. थंड देशांसाठी या इंजिनांच्या मॅनिफोल्डखालून एक्झॉस्टचा गरम मार्ग काढलेला असतो. नागपुरात त्याची गरज नाही, गॅस्केट बदलताना तो बंद करावा. कार्बोरेटरखाली फिनॉलिक या उष्णता अडवणाऱ्या प्लास्टिकचा जाड स्पेसर घालावा आणि पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर न्यावी. इथेनॉल जुने रबर आणि कॉर्क कुरतडते, तेव्हा नळ्या, पंपाचा पडदा आणि गॅस्केट इथेनॉल सोसणाऱ्या साहित्याचेच हवेत. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर वाटी कोरडी करून ठेवावी. प्रदर्शनात उठून दिसावे म्हणून एअर फिल्टर काढून ठेवण्याची आणि गाडी सुरू होत नसली की बाटलीने गळ्यात पेट्रोल ओतण्याची पद्धत तातडीने थांबली पाहिजे. पहिलीने आपली धूळ थेट सिलिंडरात जाते, आणि दुसरीत बॅकफायर झाला तर बाटली धरलेला हात भाजतो.

पद्मिनी आणि अॅम्बेसेडरवर हात बसलेले मिस्त्री शहरात अजून काम करतात. नव्या दुचाकींनाही २०२० पासून बहुतांशी इंजेक्शन आल्याने त्यांच्या हाताखाली तयार होणारी मुले कमी झाली आहेत. शहरातल्या आयटीआयने व्हॅक्यूम गेजवरचे ट्यूनिंग अभ्यासक्रमात ठेवावे आणि शिकवायला या मिस्त्रींना बोलवावे, तसेच तेल कंपन्यांनी नागपुरात निदान एका पंपावर जुन्या गाड्यांसाठी इथेनॉलविरहित पेट्रोल उपलब्ध करावे, अशी विनंती मी आपल्या दैनिकाद्वारे करतो.

आपला,
एक नियमित वाचक
नागपूर