टोपली मुंबईला जाते, सुरतेला का जात नाही? : अर्थमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. अर्थमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. नवापूर-अक्कलकुव्याकडच्या बांबूच्या टोपल्या, सुपं, परड्या यांना सुरतेत मागणी आहे, कारण खान्देशातून तिकडे गेलेली कुटुंबं काही थोडीथोडकी नाहीत. पण ऑनलाइन बाजारात हीच टोपली चारशे किलोमीटरवरच्या मुंबईला जाते आणि शेजारच्या सुरतेला जाऊ शकत नाही. याचं कारण जीएसटीच्या अधिसूचनेतली एक अट. जीएसटीचे नियम ठरवणाऱ्या जीएसटी परिषदेत महाराष्ट्राने ही बाजू मांडावी, म्हणून हे पत्र आपल्याला.

नियम असा आहे. 1 ऑक्टोबर 2023 पासून जीएसटी नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्याला ऑनलाइन बाजारावर माल विकता येतो. त्याने जीएसटी पोर्टलवर पॅन देऊन नावनोंदणी क्रमांक घ्यायचा, तो बाजाराच्या खात्यात भरायचा, की झालं. रिटर्न भरायचं नाही, कर भरायचा नाही. ही सवलत खरंच चांगली आहे आणि ती आम्ही कारागिरांना आवर्जून सांगतो. फक्त तिला अट आहे, की माल राज्याबाहेर विकायचा नाही.

दुसरीकडे, हस्तकलेच्या वस्तू वर्षाला 20 लाखांपर्यंत परराज्यात विकायला नोंदणी लागत नाही, ही सूट 2017 पासून आहे आणि त्या यादीत बांबूच्या वस्तूही आहेत. म्हणजे सुरतेच्या प्रदर्शनात टेबल मांडून विकलं तर चालतं, फोनवर ऑर्डर घेऊन पाठवलं तरी चालतं. तीच वस्तू, तोच कारागीर, तेच गिऱ्हाईक. मध्ये ऑनलाइन बाजार आला की मात्र एका रुपयाच्या विक्रीलाही नोंदणी सक्तीची. दोन्ही सवलती कारागिरासाठीच दिलेल्या आहेत, पण त्या एकमेकींना जोडलेल्या नाहीत.

थेट पाठवण्यातही एक खाच आहे. इतर मालाला ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीला निघण्याआधी ऑनलाइन काढायचा कागद, 50 हजारांच्या वर लागतं. नोंदणीतून सूट घेतलेल्या हस्तकला विक्रेत्याला मात्र परराज्यात माल पाठवताना ते कितीही किमतीच्या मालाला लागतं, अगदी 300 रुपयांच्या परडीलाही. टपाल खात्यामार्फत जाणाऱ्या पार्सलला ई-वे बिलाची गरज नाही, म्हणून आम्ही सगळ्यांना पोस्टानेच पाठवा असं सांगतो. खाजगी कुरिअरच्या खिडकीवर ही गोष्ट माहीत नसते आणि माल अडकतो.

मग नोंदणीच घ्या, असं कोणीही म्हणेल. नोंदणी फुकट आहे, ती सांभाळणं फुकट नाही. तिमाही पद्धत घेतली तरी दोन-दोन रिटर्न वेळेवर भरावी लागतात. विक्री शून्य असली तरी भरावी लागतात, आणि उशीर झाला तर शून्य रिटर्नलाही रोज 20 रुपये विलंब शुल्क चढतं. पावसाळ्यात काम थंडावतं, रिटर्न राहून जातं, खातं अडकतं.

आता पैशाचं बघा. समजा टोपली 600 रुपयांना विकली. ऑनलाइन बाजाराचं कमिशन 15 टक्के धरलं तर 90, ठरावीक शुल्क 25, कुरिअर 140; झाले 255. या सगळ्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 45 रुपये 90 पैसे. हाती उरतात 299 रुपये 10 पैसे. त्यातून खोका-टेपचे 35 आणि बांबूचे 60 गेले, की दोन दिवसांच्या कामाचे 204 रुपये. नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला ते 45 रुपये 90 पैसे आपल्या करातून वळते करता येतात. नोंदणी नसलेल्या कारागिराचे ते कायमचे जातात.

या हिशेबात सगळ्यात जास्त मारतं ते कुरिअर. कुरिअरवाले प्रत्यक्ष वजन आणि आकाराचं वजन यांतलं जे जास्त असेल ते धरतात. खोका 30 बाय 30 बाय 25 सेंटिमीटर असेल तर गुणाकार 22,500; त्याला 5,000 ने भागलं की साडेचार किलो. टोपली असते जेमतेम 600 ग्रॅमची! म्हणून एकात एक बसणाऱ्या तीन टोपल्यांचा संच विकावा: खोका तोच, कुरिअर तेच, किंमत तिप्पट नाही तरी दुपटीहून जास्त मिळते.   

पहिली आणि मुख्य मागणी: ऑनलाइन विक्रीच्या सवलतीतली परराज्याची अट हस्तकलेच्या वस्तूंपुरती, 20 लाखांच्या मर्यादेत, काढावी. हा प्रस्ताव महाराष्ट्राने परिषदेत मांडावा. परिषदेच्या सप्टेंबर 2025 च्या बैठकीत छोट्या ऑनलाइन विक्रेत्यांच्या सोप्या नोंदणीला तत्त्वतः मान्यता मिळाली, पण तो विचार अनेक राज्यांत व्यवसायाचं ठिकाण दाखवावं लागणाऱ्यांचा आहे. घरी बसून विणणाऱ्याला त्याने फरक पडत नाही. त्याच प्रस्तावात हस्तकलेचं ई-वे बिल 50 हजारांच्या आत माफ करावं, म्हणजे कुरिअरच्या खिडकीवरचा वादही मिटेल.

परिषदेचा निर्णय होईपर्यंत राज्याच्या हातातलं एक काम आहे. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूर या तालुक्यांत महिला बचत गटांच्या संघामार्फत एकेक सामाईक जीएसटी नोंदणी आणि रिटर्न भरायला एक पगारी माणूस द्यावा. संघाने कारागिराकडून माल रोख विकत घ्यावा आणि ऑनलाइन विकावा. कमिशनवरच्या जीएसटीची वजावट तेव्हा संघाला मिळेल. ती संघाच्या खर्चात न मुरता खरेदीच्या दरात दिसली पाहिजे, आणि प्रत्येक ऑर्डरचा हिशेब मराठीत, ओळीओळीने कारागिराच्या हाती पडला पाहिजे.

वरचे सर्व नियम, सध्याची शब्दरचना आणि आम्ही सुचवत असलेली बदललेली ओळ असं दोन पानी टिपण तयार आहे. आपल्या कार्यालयाने वेळ द्यावी, आम्ही ते घेऊन येतो.

आपले,
खान्देशातील हस्तकला कारागिरांची नोंदणी, विक्री आणि हिशेब पाहणारे आम्ही