बुधवार पेठेतल्या वाइंडिंगवाल्या काकांना

आदरणीय काका,
सा. न.

तुमच्या दुकानाला पाटी नाही. तुम्ही व्हॉट्सअ‍ॅप वापरत नाही. आणि समोर येऊन आभार मानायला लागलं की "बरं बरं, पुढचं बोला" म्हणून गप्प करता. म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितेय. पुण्यात पसोड्या विठोबाच्या देवळाच्या बाजूला नेहमी जाणारं कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवेल.

बाबांनी तो अ‍ॅम्प्लिफायर १९७१ साली बनवला. मुलार्ड या ब्रिटिश कंपनीचं 'पाच-दहा' सर्किट, म्हणजे पाच व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्या) आणि दहा वॉट. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा स्वतः वाकवलेला, व्हॉल्व्हच्या बेसची भोकं कानशीने वाढवलेली, त्यातलं एक अजूनही अंड्यासारखं आहे. शेवटी स्पीकर चालवणाऱ्या ईएल८४ व्हॉल्व्हची जोडी बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सची. मी शाळेत असताना एक दिवस तो मुका झाला आणि माळ्यावर गेला. गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत खाली काढला. दोन ठिकाणी दाखवला, तर दोघांनीही आतलं सगळं फेकून एक आयसीची (चिपवाली) पट्टी बसवा म्हणून सांगितलं. तिसरे तुम्ही.

तुम्ही आधी मीटर लावलात. व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्या मधल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीचा, म्हणजे व्हॉल्व्हकडच्या वेटोळ्याचा, एक अर्धा भाग तुटला होता. "दुसरा मिळेल का?" असं मी विचारलं, तर तुम्ही त्याच्या लोखंडी गाभ्याच्या ई-आय पट्ट्या सोडवायलाच बसलात. जुनी तार उलटी उकलत वेढे मोजलेत, थरांचा क्रम पाठकोऱ्या बिलावर लिहून ठेवलात. प्रायमरीचा एक भाग, मग सेकंडरी (स्पीकरकडचं वेटोळं), मग पुन्हा प्रायमरी. असं आलटून पालटून का, तर सगळी प्रायमरी एकीकडे आणि सेकंडरी दुसरीकडे ठेवली की त्यांची मिठी सैल पडते आणि वरचे बारीक सूर मध्येच गळतात. हे तुम्ही चहा ओतता ओतता सांगितलंत. मी घरी येऊन वहीत उतरवून काढलं.

बाकीची दुरुस्ती मात्र तुम्ही केली नाहीत. "ताई, वडलांचं काम आहे, तुम्हीच करा. अडलं की फोन करा." तेव्हा मला थोडा रागच आला होता, खरं सांगते. मी बँकेत नोकरी करते, माझ्या हातात सोल्डरिंग आयर्न कधी आलं नव्हतं. त्यात तीनशे व्होल्टचा डीसी. तुमचे नियम मी कागदावर लिहून भिंतीला चिकटवले होते: बंद केल्यावरही कपॅसिटर भरलेला असतो, तो आधी रेझिस्टरमधून रिकामा करायचा आणि मग मीटरने खात्री करायची. चालू असताना एक हात खिशात. पहिल्यांदा लावताना सिरीजमध्ये १०० वॉटचा जुना तारेचा पिवळा बल्ब, आत शॉर्ट असला तर तो पूर्ण पेटून राहतो. (तो बल्ब शोधायला मला अख्खा शनिवार लागला. एलईडी हवे तेवढे मिळतात.)

बल्ब भपकन पेटला आणि मंदावला, म्हणजे शॉर्ट नव्हता. पण दोन मिनिटांत एका ईएल८४ ची आतली प्लेट लाल व्हायला लागली. मी फोन केला. तुम्ही म्हणालात, ग्रिडवर डीसी बघा. ग्रिड म्हणजे व्हॉल्व्हमध्ये सिग्नल शिरतो ती जागा; तिथे शून्य हवा, मीटर ९ व्होल्ट दाखवत होता. मागचा, सिग्नल पुढे सोडून डीसी अडवणारा कागदी कपलिंग कपॅसिटर गळत होता. दोन्ही बदलले. आवाज आला.

आणि त्याच्यासोबत तो जुना घूंऽऽ पण आला. आई आतून म्हणाली, "आला का परत?"

हे तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं. आमच्या घरात त्या घूंवरून वीस वर्षं धुसफूस होती. आई काळी चारात गायची, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी तिचा सा. बाबांनी अ‍ॅम्प्लिफायर लावला की ती तानपुरा खाली ठेवायची, "तुमचं यंत्र माझ्या सा-च्या खाली उतरून बसतं" म्हणायची. बाबांना वाटायचं, तिला रेकॉर्डच ऐकायच्या नाहीत.

तुम्ही फोनवर विचारलंत, "घरात पेटी आहे का? आवाज कुठल्या पट्टीला लागतो बघा." मला वाटलं चेष्टा करताय. पेटी काढली. पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधोमध, पांढरीला जरा जवळ. "खालच्या सप्तकातला नाही ना? मग शंभरचा आहे. फिल्टर." घरातली वीज पन्नास हर्ट्‌झची, एसीची डीसी करणाऱ्या रेक्टिफायरमधून गेली की लहर दुप्पट होते, शंभर. म्हणजे आई शब्दशः बरोबर होती. काळी चार जवळजवळ १०४ वर, हा १०० वर. दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या अर्ध्याहून थोडा जास्तच उतरलेला.

ती लहर सपाट करणाऱ्या फिल्टरमध्ये बाबांनी १६-१६ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लावले होते, तेव्हा तेवढेच परवडले म्हणे. तुम्ही ५०-५० दिलेत आणि बजावलंत, याहून मोठा नको, रेक्टिफायर व्हॉल्व्हला सोसत नाही. घूं गेला. उरला तो अगदी तळातला, कान स्पीकरला लावल्यावर ऐकू येणारा पन्नासचा. त्यासाठी व्हॉल्व्ह तापवणाऱ्या हीटरच्या तारा एकमेकींना पीळ घालून कोपऱ्यातून नेल्या आणि शंभर-शंभर ओहमचे दोन रेझिस्टर लावून मधला बिंदू अर्थ केला. ते काम बाबांनी शेजारी स्टूल टाकून बघितलं. बोलले नाहीत, फक्त टॉर्च धरला.

पहिली रेकॉर्ड कुमार गंधर्वांची लावली. सुई टेकली, आणि गाणं सुरू व्हायच्या आधी तानपुरे आले. नुसते तानपुरे. ही एलपी मी लहानपणापासून ऐकलीय, पण त्यात तानपुऱ्यांना एवढी जागा आहे हे मला माहीत नव्हतं. ती जागा आमच्या घूंने अडवलेली असायची. बाबा म्हणाले, "जरा सुनं वाटतंय." आई काही म्हणाली नाही. बाजू संपल्यावर स्वतः उठून तिने रेकॉर्ड उलटली.

काका, बिलात तुम्ही फक्त तारेचे पैसे लावलेत. तीन संध्याकाळच्या मजुरीचे मी घेऊन येणार आहे आणि या वेळी "पुढचं बोला" चालणार नाही. आईने तुम्हाला घरी ऐकायला बोलावलंय, लिफ्ट आहे.

आणि व्हॉल्यूमचा पॉट (बटणामागचा फिरता रेझिस्टर) अजून खरखरतो. स्प्रे मारून पाहिला, फरक नाही. शनिवारी सोबत आणते.

तुमची,
'पाच-दहा'वाली ताई