विमान शेपटीवर बसले की दोषी फक्त लोडर?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात शेवटच्या पानावर नाक वर आणि शेपूट जमिनीला टेकलेले मालवाहू विमान छापले आहे. खाली एकच ओळ : ‘लोडरांच्या (माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या मजुरांच्या) हलगर्जीपणामुळे’. त्या ओळीने संताप आला म्हणून हे पत्र. माल कोणत्या क्रमाने उतरत होता, शेपटीखाली टेकू लावला होता का, किती माणसे कामावर होती, यातले काही न विचारता कंत्राटी मजुरांवर ठपका ठेवून आपण मोकळे झालात.

प्रवासी बोइंग ७३७ चे मालवाहू विमान करतात तेव्हा मोठे दार डाव्या बाजूला, पंखाच्या पुढे बसवतात. त्यामुळे माल चढवताना पहिला पॅलेट (माल रचून जाळीने बांधलेला धातूचा सपाट तक्ता) रोलरवरून थेट शेपटीपर्यंत ढकलावा लागतो आणि उतरवताना दाराजवळचे, म्हणजे पुढचेच पॅलेट आधी बाहेर येतात. लोडरने कितीही काळजी घेतली तरी मेन डेकवर, म्हणजे मालाच्या मुख्य मजल्यावर, काही वेळ भार मागे राहणारच. विमान मुख्य चाकांवर तोललेले असते. मागचा भार वरचढ झाला की बैलगाडी उलाळते तसे नाक उचलले जाते. हा विमानाच्या रचनेतला धोका आहे, त्याला उपायही रचनेतलाच लागतो.

तो उपाय सगळ्यांना ठाऊक आहे. मोठे दार उघडण्याआधी टेल स्टँड, म्हणजे शेपटीखालचा टेकू, लावायचा. उतरवताना पोटातला मागचा कप्पा आधी रिकामा करायचा आणि पुढच्या कप्प्यातला माल शेवटपर्यंत राखायचा. चढवताना पुढचा कप्पा आधी भरायचा. शिवाय एका माणसाने खाली उभे राहून नाकाच्या चाकाकडे लक्ष ठेवायचे. त्या चाकाच्या खांबाचा चकचकीत, तेलकट भाग नेहमीपेक्षा जास्त बाहेर आला की तिथेच काम थांबवायचे. तो दांडा खोटे बोलत नाही. पण विमान लवकर सोडायची घाई असते, माणसे मोजकी असतात, आणि सगळ्यात आधी हा खालचा माणूसच कमी केला जातो. टेल स्टँडचेही तसेच. एकदा लावला की विसरायची ती वस्तू नव्हे. इंधन आणि माल भरत जातो तसे विमान खाली बसते, म्हणून टेकूच्या वर ठरलेली फट राखावी लागते आणि ती पुन्हा पुन्हा बघावी लागते. नाही तर तोच टेकू शेपटीच्या पत्र्यात घुसतो.

उतरवताना याच्या उलट होते. भार कमी होईल तसे विमान वर येते. हायलोडरचा (माल दारापर्यंत उचलणाऱ्या यंत्राचा) फलाट विमानाबरोबर वर घेतला नाही तर दाराचा उंबरा त्याच्या कडेत अडकून चेपतो. ७४७ च्या मेन डेकला तर हे काम जमिनीपासून जवळपास ५ मीटर उंचीवर चालते. ३१८ बाय २४४ सेंटिमीटरचा पॅलेट, भरल्यावर ६,८०४ किलोपर्यंत वजन, आणि फलाटावर त्याच्या बाजूला उभा असलेला माणूस. कडेचे अडसर वर केलेले नसतील तर काय होते हे सांगायला नको.

हलगर्जीपणाच शोधायचा तर वरपासून शोधावा. २९ एप्रिल २०१३ रोजी अफगाणिस्तानात बगराम तळावरून उडालेले ७४७ मालवाहू काही क्षणांत कोसळले आणि आतली सातही माणसे गेली. आत ५ चिलखती गाड्या होत्या, २ सुमारे १२ टनांच्या आणि ३ सुमारे १८ टनांच्या. किमान एक गाडी सुटून मागे गेली आणि तिने हायड्रॉलिक यंत्रणा व शेपटीचा आडवा पंख फिरवणारा स्क्रू निकामी केला. विमान इंधनासाठी बगरामला उतरले होते तेव्हाच एक पट्टा तुटलेला दिसला होता. एनटीएसबीने, म्हणजे अमेरिकेच्या अपघात तपास यंत्रणेने, तपास केला तेव्हा चूक सापडली ती कंपनीच्या माहितीपुस्तकात. माल बांधण्याबद्दल विमान बनवणाऱ्यांनी दिलेली आवश्यक माहिती त्यात गाळली होती आणि बांधायच्या पद्धतीही चुकीच्या दिल्या होत्या. पट्टा जितका उभा, तितका तो मागेपुढे सरकणे कमी अडवतो. जमिनीशी ६० अंशांत ताणलेला पट्टा त्या दिशेने निम्म्याच ताकदीचा उरतो. पट्टे नुसते मोजून हे कळत नाही. लोडमास्टरची, म्हणजे माल चढवण्या-बांधण्याची जबाबदारी असलेल्या माणसाची, बांधणी चुकली ती अशा पुस्तकामुळे.

त्याच तपासात एनटीएसबीने शिफारस केली की, असा खास माल चढवणाऱ्या-बांधणाऱ्या माणसांना रीतसर प्रमाणपत्र हवे, आणि त्यांच्या कामाच्या तासांना व विश्रांतीला नियम हवेत. वैमानिकांच्या ड्युटीच्या तासांवर आपल्याकडे अग्रलेख येतात आणि ते यायलाच हवेत. पण मध्यरात्री पॅलेट ढकलून त्याला जागेवर धरणारे खालचे लॉक पायाने वर करणारा माणूस किती तास उभा आहे, हे आपल्या बातमीदाराने कधी विचारले आहे का?

लॉकचे महत्त्व कळायला मायामीचे उदाहरण पुरे. ७ ऑगस्ट १९९७ रोजी डीसी-८ मालवाहू उडताच कोसळले. विमानातले ४ आणि जमिनीवरचा १ असे ५ जण गेले. आयत्या वेळी विमान बदलले होते आणि माल भरणाऱ्यांना ते कळवलेच नव्हते. भार ठरल्यापेक्षा मागे गेला होता. अवशेषांत सापडलेली बहुतेक लॉक लागलेलीच नव्हती. यात माल भरणाऱ्यांची चूक नव्हती असे मी म्हणत नाही. पण लोड शीट (कुठे किती वजन ठेवायचे तो कागद) हातात देणारा, विमान बदलल्याचे न सांगणारा आणि दार बंद होण्याआधी लॉक न तपासणारा, हे सगळे त्या ‘हलगर्जीपणा’तून कसे सुटतात?

आणि असे मथळे छापून आपण उलटा परिणाम घडवता. सगळा दोष आपल्यावर येणार हे ज्याला माहीत आहे, तो विमानाला गाडीचा धक्का लागल्याचे सांगायला कचरतो. २६ डिसेंबर २००५ रोजी सिएटलला सामानाच्या गाडीचा एका एमडी-८३ प्रवासी विमानाला धक्का लागला आणि तो वेळेवर कळवला गेला नाही. सुमारे २६,००० फुटांवर पत्रा फाटून फूटभर लांबीचे भोक पडले आणि केबिनचा दाब गेला. प्रवासी वाचले. काही नव्या विमानांची बॉडी तर कंपोझिटची, म्हणजे धातूऐवजी चिकटवलेल्या थरांची, असते, तिच्यावर पोचा दिसतही नाही आणि आतले थर सुटलेले असू शकतात. तिथे धक्का मारणाऱ्याने स्वतः येऊन सांगणे हाच भरवशाचा मार्ग. जो सांगेल त्याची नोकरी जाणार नाही, अशी हमी विमानतळावर आणि कंत्राटात लेखी हवी.

जाता जाता आणखी एक, कारण यावर कुणीच लिहीत नाही. मुंबईच्या पावसात पॅलेटवर टाकलेले पातळ प्लास्टिक वाऱ्याने फाटते, पुठ्ठ्याची खोकी पाणी पितात आणि पॅलेटचे वजन कागदावरच्या वजनापेक्षा वाढते. ओली खोकी दबली की जाळी सैल पडते. फाटलेले प्लास्टिक उडत जाते ते शेजारच्या विमानाच्या इंजिनाच्या तोंडापर्यंत. जाड प्लास्टिक, जाळीखालून नीट खोचलेले, आणि भिजलेल्या पॅलेटचे पुन्हा वजन, एवढ्यासाठी लागणारा पैसा कार्गो एजंट आणि विमान कंपन्या दोघांकडेही आहे. जूनच्या आत त्यांना हे विचारणारी एक बातमी करावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, मरोळ, मुंबई