पाठीच्या गोळ्यांबद्दल

चि. ओंकारला अनेक आशीर्वाद.

काल गोळ्यांच्या पाकिटांचा फोटो पाठवून विचारलंस, "यातली सगळ्यात स्ट्राँग कुठली?" आमच्या मेडिकलच्या काउंटरवर दिवसभर हाच प्रश्न ऐकते मी. पण तुला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस आहे, मणक्याच्या सांध्यांना सूज आहे. तेव्हा जोर कुणाचा जास्त ते सोड, सूज कोण उतरवतं ते बघ.

पॅरासिटामॉल सुजेला फारसं काही करत नाही. ट्रामाडॉलने दुखणं कळेनासं होतं, सूज तिथेच. वर गुंगी, मळमळ आणि सवय लागायची भीती.

फोटोत कॉम्बिफ्लॅम, झिरोडॉल-एसपी आणि व्होवेरान दिसली. अरे, त्यांत आयब्युप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफिनॅक आणि डायक्लोफिनॅक आहे, म्हणजे सूज उतरवणाऱ्या गोळ्यांची एकच जात! आज ही, उद्या ती, कधी दोन्ही, असं केलंस तर आराम वाढत नाही, पोटात अल्सर आणि किडनीला त्रास मात्र होऊ शकतो. हे तुझ्या जिमवाल्या मित्रालाही सांग.

डॉक्टर बहुधा याच जातीतली नॅप्रोक्सेन किंवा एटोरिकॉक्सिब देतील. नॅप्रोक्सेन हृदयाच्या दृष्टीने त्यातल्या त्यात बरी मानतात, पण पोटाला जड, म्हणून सोबत अ‍ॅसिडिटीची गोळी, पॅन्टोप्राझोल. एटोरिकॉक्सिब दिवसातून एकदाच, पोटाला सोसते, पण बीपी वाढवते. १४०/९० च्या वर राहत असेल तर ती द्यायची नसते. तिच्याच गटातली रोफेकॉक्सिब हार्ट अटॅकच्या धोक्यामुळे २००४ मध्ये बाजारातून गेली. इंडोमेथासिन जुनी आणि गुणकारी, पण डोकं धरतं, चक्कर येते.

पूर्ण डोस घेतला तर यातली अमुकच सरस, असं ठरलेलं नाही. एकाला एक लागू पडते, दुसऱ्याला दुसरी. म्हणून डॉक्टर सांगतील ती एकच, पूर्ण डोसमध्ये, नेमाने दोन आठवडे घे. नाही उतार पडला तर ते बदलून देतील. अशा दोन वेगवेगळ्या गोळ्या एकामागून एक घेऊनही भागलं नाही तर प्रतिकारशक्ती दाबून सूज उतरवणारी अ‍ॅडालिमुमॅबसारखी इंजेक्शनं आहेत. २०१४ पासून ती आपल्याकडेही बनतात, तरी महागच. त्याआधी टीबीची तपासणी मात्र करावीच लागते.

जेवूनच गोळी घे. सकाळी पाठ किती मिनिटं आखडलेली राहते ते रोज लिहून ठेव, डॉक्टर तेच विचारतील. व्यायाम गोळी लागू पडली तरी सोडायचा नाही. क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या तपासणीचा रिपोर्ट आला की मला पाठव, आणि उरलेली पाकिटं येताना घेऊन ये.

तुझी,
आई