टर्बो मोठा बसवला, पण मॅपचं काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मॉडिफाय केलेल्या गाड्यांची बातमी म्हटलं की आपल्याकडं बुलेटचे सायलेन्सर आणि त्याच्यावरनं फिरवलेला रोडरोलर एवढंच छापून येतंय. ते बरोबरच आहे, रात्री रंकाळ्यावर फटाके फोडत जाणाऱ्याचं कौतुक कुणालाच नाही. पण डिझेल गाड्यांच्या बॉनेटखाली जे चाललंय त्याच्यावर कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात डिझेल पंप आणि नोझलच्या (सिलिंडरात डिझेल फवारणाऱ्या तोंडाच्या) कामात आहे, टर्बोवाले, ट्युनिंगवाले, गाडीमालक सगळे दुकानात येत-जात असतात, आणि हल्ली निम्मी भांडणं एकाच गोष्टीवरनं असतात. मोठा टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा बसवला, फाइल मारली, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरातले आकडे बदलले, आणि आता गाडी एकतर काळा धूर सोडतीय नाहीतर ओव्हरटेकला चेक इंजिनचा दिवा लागून मरतीय.

बहुतेक गाड्या त्याच, १२४८ सीसीच्या १.३ मल्टिजेट इंजिनच्या. स्विफ्ट, डिझायर, व्हिस्टा, पुंटो, कुठल्याही कंपनीचा बिल्ला असू दे, आत फियाटचंच इंजिन. ते दोन प्रकारात आलं, ७५ पीएसला साधा फिक्स जॉमेट्रीचा टर्बो आणि ९० पीएसला व्हीजीटी, म्हणजे आतली पाती हलणारा. आता पोरांना ७५ ची गाडी ९० च्या पुढं न्यायची असते. हौस आहे, मला त्यात वाईट काही दिसत नाही, उद्यमनगर म्हणजे ऑइल इंजिनं स्वतःच्या डोक्यानं ओतून, टर्न करून विकलेली जागा, इथं कुणी इंजिनला हात लावू नका म्हणालं तर लोक हसतील.

फक्त टर्बो बसवला म्हणजे काम झालं असं जे सांगितलं जातंय ते खोटं आहे. डिझेल इंजिनात ताकद डिझेलातनं येते, हवा नुसती ते डिझेल पूर्ण जळायला लागते. फाउंड्रीत भट्टीचा ब्लोअर मोठा केला आणि कोक तेवढाच टाकला तर जास्त माल वितळत नाही, तसंच हे. गाडीच्या ईसीयूत, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरात, कंपनीनं जुन्या टर्बोच्या हिशोबानं नकाशे, म्हणजे मॅप भरलेले असतात, किती आरपीएमला किती बूस्ट (टर्बोनं दिलेला हवेचा दाब) मागायचा, एवढी हवा आली तर जास्तीत जास्त किती डिझेल सोडायचं, ते किती वेळ सोडायचं, कुठल्या गिअरला किती टॉर्कवर (इंजिनच्या ओढीवर) थांबायचं. मोठा टर्बो उशिरा भरतो कारण त्याचं चाक जड असतंय, त्यामुळं जुन्याच मॅपवर गाडी खाली आधीपेक्षा मंद होते आणि वर गेल्यावर जुन्या लिमिटवर अडकते, म्हणजे पैसे घालून गाडी हळू करून घेतली.

मग रीमॅप, म्हणजे हे नकाशे नव्यानं भरणं, पाहिजेच. आणि घोटाळा इथनं सुरू होतो.

रेडी फाइल नावाचा प्रकार आहे. दुसऱ्या कुठल्या गाडीची, दुसऱ्या कुठल्या टर्बोची, मोबाइलवर फिरत आलेली फाइल ओबीडीतनं (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटमधनं) अर्ध्या तासात मारून देतात, वर 'स्टेज टू' म्हणून सांगतात. त्या फाइलमध्ये साधारण काय केलेलं असतंय तर डिझेल सरसकट वाढवलेलं आणि स्मोक लिमिटर ढिला केलेला. स्मोक लिमिटर म्हणजे हवा कमी असेल तर डिझेल रोखणारा भाग. वजनानं बघितलं तर १ भाग डिझेल पुरतं जळायला १४.५ भाग हवा लागते, पण सिलिंडरात सगळी हवा सगळ्या डिझेलला भेटत नाही म्हणून धूर टाळायचा तर प्रत्यक्षात १७-१८ च्या खाली उतरू नये. मोठा टर्बो खाली हवा देत नाही आणि फाइल खालीच डिझेल ओतते. मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर जो काळा ढग येतो तो ताकदीचा पुरावा नाही, ते अर्धवट जळलेलं डिझेल आहे, तुमच्याच पैशाचं.

परवा एका पोराची गाडी आली, लॅपटॉप लावला आणि तिसऱ्या गिअरला खालनं ओढून लॉग, म्हणजे चालत्या गाडीतल्या आकड्यांची नोंद घेतली. दोन हजार आरपीएमला मॅप मागतोय २.१ बार, येतोय १.६. अडीच हजाराला दोन्ही रेषा भेटतात आणि लगेच खरा बूस्ट मागणीच्या वर उडतो, कारण व्हीजीटीची पाती किती मिटवायची हा आकडा जुन्याच टर्बोचा राहिलाय. ईसीयूला वाटतं काहीतरी फाटलं, तो गाडीला लिंप मोडमध्ये टाकतो, म्हणजे बचावासाठी ताकद तोडतो. गॅरेजवाल्यानं यावर काय केलं तर फॉल्ट कोडच बंद करून टाकला! दिवा गेला, गिऱ्हाईक खूश. आणखी एक, काही गाड्यांचा बूस्ट सेन्सर अडीच बारपर्यंतच वाचतो, तोही वातावरणाचा एक बार धरून. त्याच्या पुढं टर्बो काय करतोय ते ईसीयूला कळतच नाही, तो तिथं आंधळा चालतो. सेन्सर बदलून त्याचं स्केलिंग (कुठल्या सिग्नलला किती दाब धरायचा ते) फाइलमध्ये बदलायला पाहिजे, हे किती जण करतात?

नीट करणारे पण आहेत गावात, त्यांची पद्धत बघितली की फरक कळतो. आधी पाइप आणि इंटरकूलरला (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीला) लीक आहे का बघतात, ऑइल फीडची लाइन साफ करतात कारण टर्बोचं चाक मिनिटाला दीड-दोन लाख फेरे मारतं आणि काही सेकंद तेल मिळालं नाही तरी बेअरिंग जाऊ शकतं. मग डिझेलला हात न लावता फक्त बूस्ट आणि पात्यांचा मॅप बसवतात, मागितलेला आणि आलेला बूस्ट जुळेपर्यंत लॉग घेतात. त्यानंतर स्मोक मॅप, त्यानंतर डिझेल, आणि तेही नोझल किती वेळ उघडं राहतंय ते बघून. कारण जास्त वेळ उघडं राहिलं तर शेवटचं डिझेल पिस्टन खाली जाताना जळतं, ताकद मिळत नाही, नुसती उष्णता एक्झॉस्टला जाते. टॉर्क लिमिटर सगळ्यात शेवटी, क्लच किती झेलेल ते विचारून. ह्याला दिवस जातात, पैसे पण लागतात, म्हणून लोक अर्ध्या तासवाल्याकडं जातात.

उष्णतेचं जास्त बोललं पाहिजे. शिरोलीपासनं कागलपर्यंत हायवेला दहा सेकंद दाबून गाडी कशी पळते ते दाखवायचं आणि व्हिडिओ काढायचा ही काय टेस्ट नाही. गाडीत पाच माणसं, डिकीत सामान, एसी चालू, आणि आंबा घाट चढायचा, तिथं इंजिनावर लोड सलग राहतो आणि टर्बोच्या आधीचं एक्झॉस्टचं तापमान चढतच जातं. साडेसातशे-आठशे डिग्रीच्या वर ते बराच वेळ राहिलं की मामला हाताबाहेर. ॲल्युमिनियम ६६० डिग्रीला वितळतं हे आपल्याकडं फाउंड्रीत झाडू मारणाऱ्यालापण ठाऊक आहे, पिस्टन टिकतो तो खालनं तेलाचा फवारा असतो आणि रिंगांतनं उष्णता बाहेर जाते म्हणून. मी एक हेड उघडलेलं बघितलं, पिस्टनची कड उंदरानं कुरतडल्यासारखी, आणि नोझलच्या टोकाला ॲल्युमिनियमचे बारीक मणी चिकटलेले. फाइल मारणाऱ्यानं हात वर केले, म्हणे डिझेल खराब होतं. दोन-चार हजारांचं ईजीटी, म्हणजे एक्झॉस्टचं तापमान दाखवणारं मीटर बसवलं असतं तर घाटात काटा बघून पाय तरी उचलला असता.

पीयूसीचं म्हणाल तर त्या टेस्टला गाडी उभी असते, न्यूट्रलला, ॲक्सिलरेटर दाबून धूर मोजतात. बीएस-४ डिझेलला धुराच्या दाटपणाच्या आकड्याची मर्यादा १.६२ आहे. लोडवर तिसऱ्या गिअरला काय धूर येतो ते त्यात मोजलंच जात नाही, आणि आपलं कोल्हापूर तर केंद्राच्या क्लीन एअर कार्यक्रमातल्या, हवा खराब असलेल्या शहरांच्या यादीत आहे. कायदा बघितला तर कलम ५२ प्रमाणं कंपनीच्या मूळ माहितीशी आरसी जुळणार नाही असा बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बेकायदा बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण सीएनजी किटला जशी मान्यताप्राप्त किट, तपासणी आणि आरसीवर नोंद असा रस्ता आहे तसा रस्ता टर्बोला नाही. म्हणून नीट काम करणारा आणि रेडी फाइलवाला दोघं एकाच अंधारात बसतात, आणि गिऱ्हाइकाला फरक कळायला मार्ग राहत नाही. लोडवरची धूर तपासणी आणि लॉगचा कागद जोडून नोंद करून घ्यायची सोय झाली तर चांगल्या मेस्त्रीचं नाव तरी होईल, हे आरटीओनं आणि वरच्यांनी मनावर घ्यावं.

तोवर गाडी करून घेणाऱ्यांनी निदान ओरिजिनल फाइलचा बॅकअप आणि आधीचा-नंतरचा लॉग मागून घ्यावा, नाही म्हणाला तर किल्ली परत घ्यावी. आणि जुनी डिझेल घेणाऱ्यांसाठी एक, मारुतीनं एप्रिल २०२० पासनं डिझेल बंद केलं, त्यामुळं या सगळ्या गाड्या आता सेकंडहँडलाच फिरतात. विकायच्या आधी स्टॉक फाइल परत मारली जाते पण टर्बो तोच मोठा राहतो, एजंट काही बोलत नाही. टर्बोच्या बॉडीवर नंबरची पट्टी असते, टॉर्च मारून तो नंबर आपल्या मॉडेलच्या पार्ट नंबरशी जुळतो का बघा, आणि पट्टीच काढलेली असली तर टोकन देऊ नका.

आपला,
एक वाचक
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर