क्षेत्रकार्याचे दोन दिवस आणि वस्तीचे उरलेले पाच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा ओसरू लागला की गोवंडीच्या शिवाजीनगरातल्या गल्ल्यांमध्ये पाठीला सॅक अडकवलेली चार-पाच मुलंमुली दिसायला लागतात. गटाराच्या कडेकडेने पाय जपून टाकतात, हातातल्या नोंदवहीत बघून प्लॉट नंबर विचारतात. वस्तीतली पोरं त्यांच्या पुढे पळत जाऊन घराघरांत वर्दी देतात, ‘‘सर्वेवाले आये!’’ ही समाजकार्याचं शिक्षण घेणारी मुलं. वर्गातल्या तासांइतकंच त्यांना क्षेत्रकार्य महत्त्वाचं असतं. आठवड्याचे साधारण दोन दिवस वस्तीत, शाळेत, दवाखान्यात नाहीतर एखाद्या संस्थेत जायचं, काय केलं ते लिहून काढायचं आणि ते आपल्या सुपरवायझरला दाखवायचं.

मी याच भागातल्या पालिका शाळेत अठ्ठावीस वर्षं शिकवलं. मराठी माध्यमाचे वर्ग रोडावत गेले तसं शेवटची काही वर्षं हिंदी माध्यमाच्या मुलांनाही सांभाळलं. या काळात दरवर्षी क्षेत्रकार्याचे नवे विद्यार्थी माझ्या वर्गाच्या दारात उभे राहिलेले मी पाहिले आहेत. त्यांच्याविषयी मनात माया आहे, आणि त्यांना पाठवणाऱ्या संस्थांना सांगायची एक गोष्टही कित्येक वर्षं मनात आहे. नवं शैक्षणिक वर्ष सुरू झालं आहे, म्हणून आज लिहिते आहे.

देशातली समाजकार्याची पहिली शाळा मुंबईत निघाली, १९३६ साली. नाव सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, आपल्या सगळ्यांच्या तोंडची ‘टिस’. पण त्याच्याही आधी नागपाड्याच्या कामगारवस्तीत ‘नेबरहूड हाऊस’ उभं राहिलं होतं. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट तिथे काम करत. हे काम करायला शिकलेली माणसं हवीत, हे त्या वस्तीत काम करताना त्यांना कळलं आणि मग शाळा निघाली. मॅनशार्टच तिचे पहिले संचालक झाले. म्हणजे आधी वस्ती, मग वर्ग. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

१९५४ मध्ये संस्था देवनारला आली आणि १९६४ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. देवनारचा कचरा डेपो तिच्याही आधीचा, १९२७ पासूनचा. संस्थेच्या फाटकातून रिक्षा केली की थोड्याच वेळात डम्पिंगचा तो डोंगर दिसू लागतो. त्याच्या पायथ्याशी शिवाजीनगर, बैंगनवाडी, रफीकनगर. पलीकडे मानखुर्दचं लल्लूभाई कंपाउंड, जिथे रस्ते आणि रेल्वे प्रकल्पांत घरं गेलेल्या लोकांना आणून वसवलं. पालिकेच्याच २००९ च्या मानव विकास अहवालात मुंबईच्या सगळ्या प्रभागांत आमचा एम पूर्व प्रभाग तळाला होता. २०१६ च्या जानेवारीत डेपोला आग लागली, तेव्हा धुरामुळे शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्या दिवसांत घरी बसलेली माझ्या वर्गातली मुलं खोकून हैराण झाली होती. एवढ्या मोठ्या विद्यापीठाच्या शेजाराला अशी वस्ती असल्यावर ते शेजाऱ्यासाठी काय करतं, हे विचारण्याचा हक्क वस्तीला आहेच.

टिसने बरंच काही केलं आहे, आणि ते मी मनापासून सांगणार आहे. १९८४ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात ‘महिला व मुलांसाठी विशेष कक्ष’ सुरू झाला. पोलिसांच्या आवारात बसणारी, पण पोलीस नसलेली सामाजिक कार्यकर्ती, ही कल्पना तेव्हा किती नवी असेल! माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आईबरोबर मी स्वतः अशा कक्षात गेले आहे. नवऱ्याने मारून बाहेर काढलेली, अंगावरच्या साडीनिशी रात्र शेजाऱ्यांकडे काढलेली बाई. तिथल्या ताईंनी आधी तासभर तिचं फक्त ऐकलं. मध्येच थांबवून ‘तक्रार करायची आहे का’ असं विचारलं नाही. मग तिला काय हवं आहे ते तिच्याच तोंडून काढून घेतलं. तिला त्या घडीला नवराही नको होता आणि खटलाही नको होता. तिला मुलीचं दप्तर, रेशन कार्ड आणि आईने दिलेली भांडी हवी होती. ताईंनी नवऱ्याला पत्र पाठवून बोलावलं, समोर बसवलं आणि चार दिवसांनी हवालदाराला बरोबर घेऊन ते सामान तिला मिळवून दिलं. पुढे दोन वर्षं, गरज पडली की ती बाई त्याच ताईंकडे जायची. ताई तिथेच असायच्या. मला एवढंच सांगायचं आहे की ताई तिथेच असायच्या.

या कक्षाचं मोठेपण मला त्यातच दिसतं. विद्यापीठाने सुरू केलं, नेटाने चालवलं, त्याचा उपयोग सिद्ध केला आणि मग राज्य शासनाला ते आपलंसं करायला लावलं. आज महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यांत असे कक्ष आहेत. १०९८ ची गोष्टही तशीच. अडचणीतल्या मुलांसाठीची ही हेल्पलाइन १९९६ मध्ये टिसमधूनच सुरू झाली आणि पुढे देशभर गेली. माझ्या वर्गातल्या मुलांना पाढे येवोत न येवोत, ‘दस नौ आठ’ पाठ असायचं, कारण मी ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहूनच ठेवत असे. तुरुंगातल्या कच्च्या कैद्यांसाठी आणि सुटून आलेल्यांसाठी टिसचाच ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून काम करतो आहे. बेघर आणि भीक मागण्याच्या कायद्याखाली पकडलेल्या माणसांसाठी २००६ पासून ‘कोशिश’ आहे. त्याच ‘कोशिश’च्या सामाजिक अंकेक्षणातून, म्हणजे निवासगृहांच्या कारभाराच्या तपासणीतून, २०१८ मध्ये बिहारमधल्या मुजफ्फरपूरच्या बालिकागृहातल्या मुलींवरचे अत्याचार उघड झाले. एका विद्यापीठाच्या प्रकल्पातल्या माणसांनी सरकारी निधीवर चालणाऱ्या निवासगृहांत जाऊन मुलींचं ऐकून घेतलं, तेव्हा कुठे देशाला हे कळलं.

हे सगळे प्रकल्प वर्षानुवर्षं एका जागी पाय रोवून उभे राहिले. त्यात पगारी, अनुभवी माणसं होती. विद्यार्थी त्यांच्या हाताखाली शिकले आणि पुढे गेले, पण काम त्यांच्याबरोबर निघून गेलं नाही.

बऱ्याच समाजकार्य महाविद्यालयांच्या क्षेत्रकार्याचं मात्र असं होत नाही. कोणत्या महाविद्यालयाचे ते लिहीत नाही, पण काही वर्षांपूर्वी दोन विद्यार्थिनी आमच्या शाळेत येत. गैरहजर मुलांच्या घरी जायच्या. एक मुलगा दिवसा डम्पिंगवर भंगार वेचायला जायचा, म्हणून शाळेत नसायचा. या दोघींनी त्याच्या बापाशी बोलून बोलून, चार महिन्यांनी त्याला परत वर्गात आणून बसवलं. त्या आल्या की तो गेटवर उभा असायचा. मार्चमध्ये त्यांचं वर्ष संपलं. निरोपाच्या दिवशी त्यांनी सगळ्यांना चॉकलेटं वाटली. पुढच्या वर्षी नवे दोघे आले, त्यांच्याकडे त्या मुलाचं नावसुद्धा नव्हतं. नव्या विषयावर नवी यादी करायला ते आले होते. तो मुलगा तोवर पुन्हा डम्पिंगवर गेला होता. मी जाऊन आले, त्याने मला विचारलं, ‘‘दीदी लोग कब आएंगे?’’

त्या मुलींचा यात काय दोष? त्यांनी जीव ओतून काम केलं. गावाकडून आलेल्या, शिष्यवृत्तीचे पैसे वेळेवर मिळाले नाहीत तर बसभाड्याची काळजी करणाऱ्या मुली होत्या त्या. दोष रचनेचा आहे. त्या मुलाची सगळी हकीकत त्यांच्या रेकॉर्डिंगच्या, म्हणजे क्षेत्रकार्याच्या नोंदींच्या वहीत होती. ती वही तपासून झाली, गुण मिळाले आणि कपाटात गेली.

सर्वेक्षणांचंही तेच. आमच्या शेजारची एक मावशी प्रत्येक सर्वेवाल्याला पाणी देते, सगळी उत्तरं देते. घरात किती माणसं, पाणी कुठून आणता, कितीला विकत घेता, शौचालय किती लांब, क्षयाचं औषध कोणाला चालू आहे. मागे एकदा तिने मला विचारलं, ‘‘बाई, मी एवढं सांगते, ते जातं कुठं?’’ तिला काय सांगणार? ते एखाद्या प्रबंधात जातं, आणि तो प्रबंध बहुतेकदा इंग्रजीत असतो. २०११ पासून टिसने एम प्रभागावर मोठं काम हाती घेतलं, घराघरांतून माहिती गोळा केली, पालिकेपुढे आकडे मांडले. अशा आकड्यांचं वजन असतं हे मला मान्य आहे. आमच्या आळीत अमुक इतक्या लोकांमागे एक शौचालय आहे हे कागदावर आल्याशिवाय अधिकारी मान वर करत नाहीत. पण ज्या मावशीने माहिती दिली तिच्या हातात तो कागद असेल, तर वॉर्ड ऑफिसात ती स्वतः जाऊन बोलू शकेल. आमच्या बायका बोलायला घाबरत नाहीत, फक्त हातात पुरावा नसतो.

म्हणून मुंबईतल्याच नव्हे, राज्यातल्या सगळ्या समाजकार्य महाविद्यालयांना आणि विद्यापीठांच्या विभागांना माझी विनंती आहे. एका वस्तीत जायचं ठरवलं की निदान पाच वर्षं ती सोडू नका. जुन्या विद्यार्थ्याने नव्याला बरोबर घेऊन घरोघर जावं, ‘आता ही ताई येईल’ असं सांगावं, मगच निरोप घ्यावा. त्यासाठी मार्चऐवजी एप्रिलपर्यंत थांबावं लागलं तरी चालेल, पण ओळख करून दिल्याशिवाय जाऊ नये. आणि जे काही लिहाल त्याची चार पानं मराठीत किंवा हिंदीत, वस्तीच्या बोलीत, समाजमंदिरात बसून वाचून दाखवा. कुणी ‘हे चुकीचं आहे’ म्हणालं तर तेही लिहून घ्या.

शासनाला आणि पालिकेलाही सांगणं आहे. हे प्रकल्प देणग्यांवर चालतात, देणगी आटली की कार्यकर्त्याचा करार संपतो आणि दहा वर्षांत जोडलेली माणसं तुटतात. विशेष कक्षांची जबाबदारी राज्याने घेतली तशी शाळागळती, व्यसन, क्षय यांवरच्या कामांची का घेऊ नये? प्रत्येक पालिका शाळेला एक पूर्ण वेळ सामाजिक कार्यकर्ता किंवा कार्यकर्ती द्या. समाजकार्याची पदवी घेतलेली किती मुलं कंत्राटी नोकऱ्यांमागे फिरत आहेत. क्षेत्रकार्याचे विद्यार्थी त्यांच्या हाताखाली शिकतील, आणि आठवड्याचे उरलेले दिवसही वस्तीत कुणीतरी असेल.

तो भंगार वेचणारा मुलगा आता मोठा झाला आहे. परवा बैंगनवाडीच्या नाक्यावर भेटला, पाया पडला. आता त्याची धाकटी बहीण चौथीत आहे, तीही अधूनमधून शाळा बुडवते असं म्हणाला. या वर्षी जे कोणी विद्यार्थी आमच्या शाळेत येतील त्यांच्यासाठी तिचं नाव आणि पत्ता मी मुख्याध्यापकांकडे लिहून दिला आहे.

आपली,
एक निवृत्त पालिका शिक्षिका
गोवंडी, मुंबई